जयवंतचा नाद

संपाच्या तिसऱ्या दिवशी जयवंत तावडेने खोलीतली ट्रंक ओढली, कॉटखालची बोचकी बाहेर काढली, मोरीतली बादली पालथी केली आणि सगळीकडे रातकिडा शोधला. किडा कुठे मिळाला नाही. आवाज मात्र चालूच होता. बारीक, एकसुरी, उजव्या कानाशी.

"माका तर कायच ऐकाक येणा नाय," त्याची बायको सुभद्रा म्हणाली.

"तुझे कान गेलेत," तो म्हणाला आणि ट्रंक पुन्हा आत ढकलली.

जयवंत परळच्या एका मिलमध्ये साचाखात्यात होता. अठराव्या वर्षी देवगडहून आला तो थेट मागांसमोर उभा राहिला, आणि एकोणीस वर्षं तिथेच होता. साचाखात्यात शेकडो माग एकदम चालतात, धोटे आपटतात, पायाखालची फरशी थरथरते. तिथे बोललेलं ऐकू येत नाही, एकमेकांचे ओठ बघून समजून घ्यायचं. ती सवय घरीही राहते. साचेवाला समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघतो आणि ओरडून बोलतो, याचं लालबागेत कोणाला नवल नव्हतं. ब्याऐंशीच्या जानेवारीत सगळ्या मिल बंद पडल्या आणि जयवंतच्या भोवती पहिल्यांदाच शांतता झाली. त्या शांततेत हा आवाज वर आला.

पहिले चार महिने तो सभांना गेला, मोर्च्यांत चालला. मग जाणं कमी झालं. सुभद्राने दादरच्या हिंदमाता बाजारातल्या एका दुकानातून साड्यांना फॉल-बिडिंग करायचं काम आणलं. ती खिडकीपाशी बसून शिवायची आणि जयवंत कॉटवर बसून तिची सुई बघायचा. मिलमध्ये त्याच्या कापडात खोट निघत नाही असं खात्यावरचा जॉबर चारचौघांत म्हणायचा. आता त्याला चहा हवा असला तरी बायकोची साडी पुरी व्हायची वाट बघावी लागे. तो चिडे. चिडला की कानातला आवाज वाढे.

ऑगस्टमध्ये धोंडूने त्याला काम मिळवून दिलं. धोंडू त्याच्याच खात्यातला, त्याची बहीण गिरगावात आनंदीबाई म्हणून एका श्रीमंत विधवेकडे धुणंभांडी करायची. आनंदीबाईंच्या मालकीचा एक छोटा हॉल होता. तिथे दर रविवारी आणि बुधवारी सकाळी योगाचा वर्ग भरे. सतरंज्या घालायच्या, माठ भरायचा, चपला सांभाळायच्या, एवढंच काम होतं.

वर्ग घेत ते शरच्चंद्र उकिडवे. निवृत्त हेडमास्तर, उंच, गोरे, बोलणं अगदी स्वच्छ. सगळे त्यांना सर म्हणत. ते आसनं फारशी शिकवत नसत. ते शिकवत नादानुसंधान, म्हणजे आपल्या आतला नाद ऐकणं. अंगठ्यांनी कान बंद करायचे, बोटांनी डोळे, नाकपुड्या आणि ओठ हलके दाबायचे, आणि आत ऐकत बसायचं.

"आधी समुद्र गाजल्यासारखं वाटेल," सर सांगत, "मग नगारा, मग घंटा, शंख. फार पुढे गेलेल्या साधकाला बासरी ऐकू येते, आणि अगदी शेवटी भुंगा. एक बारीक, अखंड गुंजारव. कोणी वाजवत नाही, तरी वाजतो. तोच अनाहत. तिथपर्यंत पोचायला जन्म जातात."

जयवंत दाराशी चपलांजवळ बसून सरांच्या ओठांकडे बघत होता. तो उठून उभा राहिला आणि साचेवाल्याच्या सवयीने ओरडला, "सर, तो माका येता!"

सगळ्यांनी माना वळवल्या. दोघंतिघं हसले. सर हसले नाहीत.

"काय येतं?"

"भुंगा. कान बंद न करता येता. जेवताना, झोपताना. आता पण येतोय."

"केव्हापासून?"

"संप झाल्यापासून."

सरांनी त्याला जवळ बोलावलं आणि पुष्कळ प्रश्न विचारले. आवाज तुटतो का? नाही. कमी-जास्त होतो का? राग आला की वाढतो. त्यात आणखी काही ऐकू येतं का? कधीकधी लांबून घंटा वाजल्यासारखं. जयवंत हे खरंच सांगत होता.  सरांचा चेहरा उतरला होता, पण ते फक्त आनंदीबाईंनी पाहिलं, आणि तो भक्तिभाव आहे असा त्यांनी अर्थ घेतला.

पुढच्या रविवारी सतरंज्या घालायला दुसरा माणूस आला. जयवंतला सरांच्या शेजारी आसन मिळालं.

त्यानंतर जे झालं ते फार पटापट झालं. आनंदीबाईंनी त्याला दोन पांढरी धोतरं दिली. निवृत्त अधिकारी, बँकवाले, त्यांच्या बायका त्याच्यासमोर वाकू लागल्या. सुरुवातीला तो पाय मागे घ्यायचा, नंतर घेईनासा झाला. तो फार बोलत नसे, कारण समोरचा पटपट बोलला की त्याला ओठ वाचता येत नसत. लोकांना ते मौन वाटलं. कोणी मागून हाक मारली तरी तो वळत नसे. लोकांना ती विरक्ती वाटली. सर म्हणाले, "याने वाचलं नाही, ऐकलं नाही, गुरू केला नाही. पूर्वसंचित बघा." आनंदीबाई घरखर्चाला काहीतरी पाठवू लागल्या आणि जयवंतने मिलच्या गेटवर जायचं सोडलं.

धोंडू एकदा खोलीवर आला होता. म्हणाला, "जयवंता, गेटवर हजेरी लागते. तू नाय दिसलास तर उद्या नाव काढतील."

"मी आता त्यात नाय," जयवंत म्हणाला. "तुम्ही ओरडा. मला शांती पायजे."

धोंडू सुभद्राकडे बघून उठला. जाताना तिला एवढंच म्हणाला, "वहिनी, याला सांभाळ."

घरात साधनेला सर्वांत मोठी अडचण सुभद्राची होती. ती बोलकी बाई. शिवता शिवता बाजारातले भाव सांगायची, शेजारच्या मंजुळेशी भिंतीतून बोलायची, गावची गाणी म्हणायची. मुलं झाली नाहीत, तेव्हा खोलीत आवाज असेल तर तो तिचाच. जयवंतला त्यातलं क्वचितच काही कळायचं, पण तिचे सतत हलणारे ओठ त्याला खुपू लागले. एके सकाळी त्याने तिच्या हातातली साडी ओढून घेतली.

"मी बसलो की तोंड उघडायचं नाय. माझा नाद तुटतो."

"खोली दहा बाय बारा. मी जाऊ खंय?"

"गप राहा म्हणतोय."

मग नियम वाढले. तो भिंतीकडे तोंड करून बसला की दाराला वरची कडी लावायची. भांड्याचा आवाज नको. मंजुळेला हाक नको. काही झालं तरी त्याला हात लावायचा नाही, कारण समाधीतल्या माणसाला हात लावला तर त्याचे प्राण जातात असं वर्गातल्या कोणीतरी सांगितलं होतं. एकदा तिने विसरून खांद्याला हात लावला. तो फिरला आणि त्याने तिच्या थोबाडीत मारली. चौदा वर्षांत त्याने तिला मारलं नव्हतं. ती गालाला हात लावून बसली. त्यानंतर तिने त्याला हात लावला नाही. तो बसायचा तेव्हा ती उंबऱ्याजवळ, तोंड मिटून, सुई चालवायची. पुढे तो उठल्यावरही ती बोलेनाशी झाली. मंजुळा म्हणायची, "सुभद्रे, तुझा आवाजच विसरलो बघ आम्ही."

त्र्याऐंशीच्या मार्चमध्ये वर्गाला आनंदीबाईंचा पुतण्या आला. त्याचं नाव हेरंब. तो कान-नाक-घशाचा डॉक्टर होता आणि त्याचा दवाखाना चर्नी रोडच्या बाजूला होता. तो मागे भिंतीला टेकून जयवंतकडे बघत बसला. कोणाच्या तरी हातून तांब्या फरशीवर पडला, सगळे दचकले, जयवंतची पापणीही हलली नाही. वर्ग संपल्यावर हेरंब सरांना म्हणाला, "यांना उद्या दवाखान्यात आणा. फक्त तपासतो."

सर घेऊन गेले. हेरंबने जयवंतला एका बंद खोलीत बसवलं, कानांवर यंत्र लावलं आणि आवाज आला की बोट वर करायला सांगितलं. जयवंत बोट वर करायची वाट बघत राहिला. मग डॉक्टर आणि सर बाहेरच्या खोलीत काचेपलीकडे बोलत बसले. डॉक्टरांची पाठ होती. सरांचा चेहरा दिसत होता, आणि ते काहीच बोलत नव्हते.

जिन्यात जयवंतने विचारलं, "काय म्हणाले?"

सर थांबले. ते एक पायरी खाली होते, तरी उंचीमुळे दोघांचे चेहरे समोरासमोर आले. "म्हणाले, असा कान आजवर पाहिला नाही."

जयवंतला ते खरं वाटलं. खरं वाटून घ्यायला त्याला काही अडचण नव्हती.

नोव्हेंबरात, एका मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, तो बोटांनी कान, डोळे, नाक दाबून भिंतीकडे तोंड करून बसला होता. कडी लावलेली होती. सुभद्राने स्टोव्हवर भाताचं आधण ठेवलं. शेजारी हिंदमाताच्या साड्यांचा गठ्ठा होता, आणि तिच्या अंगावरही नायलॉनचीच साडी होती. स्टोव्ह भडकला. तिने पिन शोधायला हात खाली नेला आणि पदर पेटला.

ती ओरडली. वर्षभरात ती पहिल्यांदाच मोठ्याने ओरडली. चाळीच्या दुसऱ्या टोकाला, नळावर, खाली दुकानात ते ऐकू गेलं. जयवंत तिच्यापासून चार हातांवर बसला होता. तिला त्याच्याकडे जाता आलं असतं, एक पाऊल पुरे होतं. ती दाराकडे गेली. पेटत्या हातांनी तिने वरची कडी काढायचा प्रयत्न केला. कडी जुनी होती, वर ढकलून मग ओढावी लागे. बाहेरून मंजुळा आणि दोन गडी दार बडवत होते. शेवटी बिजागऱ्या उचकटल्या आणि दार आत पडलं. मंजुळेने बादली रिकामी केली. त्यातलं अर्धं पाणी जयवंतच्या पाठीवर गेलं, तेव्हा त्याने डोळे उघडले.

त्याच्या मनात त्या वेळी भातावर आज काय असेल हे चाललं होतं.

सुभद्रा म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात अडीच महिने होती. गळा, छाती, डावा हात. डाव्या हाताची तीन बोटं एकमेकांना चिकटली. आलेल्या पोलिसाने जयवंतला बाहेर उभं केलं आणि तिला विचारलं, "नवऱ्याने पेटवलं काय?" ती म्हणाली, "स्टोव्ह भडकलो." त्याने परत विचारलं, "मग हा खोलीत असून उठला कसा नाही?" तिने डोळे मिटून घेतले.

चाळीत जयवंतला तोंड दाखवायची सोय राहिली नाही. नळावर बायका त्याला बघून थुंकत. पुढच्या बुधवारी तो गिरगावात गेला, दुसरीकडे जायला जागा नव्हती म्हणून. हॉल भरलेला होता. धोंडूच्या बहिणीकडून बातमी तिथे आधीच पोचली होती. सर बोलत होते, आणि जयवंत दारात दिसताच त्यांनी त्याच्याकडे हात केला. आनंदीबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. जयवंतने सरांचे ओठ वाचले.

"...पाठीमागे पत्नी जळत होती. स्वतःची पत्नी! आणि हा माणूस नादातून हलला नाही. आपण पुस्तकात वाचतो, हे आपण डोळ्यांनी पाहतो आहोत."

लोक उठून त्याच्या पायांवर पडू लागले. एक म्हातारा रडत होता. जयवंत तसाच मागे फिरला आणि धावत हेरंबच्या दवाखान्यात गेला.

डॉक्टर त्याला बघून चकित झाला. "मशीन नाही लावलं अजून?"

"कसलं मशीन?"

डॉक्टरने त्याला खुर्चीवर बसवलं आणि समोर तोंड ठेवून सावकाश सांगितलं. मागांच्या आवाजाने दोन्ही कान गेलेत. आता ते परत यायचे नाहीत. जो भुंगा वाजतो तो त्या मेलेल्या कानाचाच आवाज आहे, शेकडो विणकरांना असतो. थोडं ऐकू येण्यासारखं उरलं होतं, त्यासाठी मशीन लावा असं मार्चमध्येच सांगितलं होतं. "सरांना चिठ्ठी लिहून दिली होती मी. त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही?"

रविवारी जयवंतने हॉलमध्ये उभं राहून सगळ्यांना सांगितलं. "मी बहिरा आहे. मला समाधी-बिमाधी काय लागली नव्हती. बायको ओरडली ती मला ऐकूच आली नाय. सरांना माहिती आहे, चिठ्ठी त्यांच्याकडे आहे. विचारा."

सरांनी डोळे मिटले, मग उघडले. "बघा," ते वर्गाला म्हणाले, "नम्रता बघा. एवढं मिळवून माणूस म्हणतो, मी बहिरा आहे."

आनंदीबाईंनी हात जोडले. हेरंब त्या दिवशी आला नव्हता.

वर्ग सुटल्यावर जयवंतने सरांची गचांडी धरली. सरांनी सोडवून घ्यायचा प्रयत्न केला नाही.

"का केलंत?"

"एकतीस वर्षं बसलो मी," सर म्हणाले. त्यांचे ओठ नेहमीसारखे स्वच्छ हलत होते. "रोज पहाटे. मला काही ऐकू आलं नाही. रक्ताची सळसळ, बस्. तू चपलांपाशी बसला होतास आणि तुला आलं. तो रोग असेल, तर मी ज्याची वाट बघतोय ते काय आहे? सांग मला."

जयवंतने त्यांना ढकललं. ते सतरंजीवर बसले ते बसूनच राहिले.

सुभद्रा घरी आली तेव्हा तिच्या गळ्याची कातडी ओढून हनुवटीला लागली होती. जयवंतने भात शिजवला होता, पाणी भरलं होतं. तिने काही खाल्लं नाही. ती कॉटवर बसली. तो तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. डॉक्टर, चिठ्ठी, मेलेले कान. सांगताना त्याला हलकं वाटत होतं. आपण बायकोला जळू दिलं नाही, आपल्याला ऐकूच आलं नाही, हे तिला कळलं की काहीतरी सुटेल असं त्याला वाटत होतं.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग त्याच्या तोंडासमोर तोंड आणून, एकेक शब्द सुटा करून, लग्नानंतर पहिल्यांदा त्याला अरेतुरे करत ती म्हणाली, "तुका ऐकाकच येणा नाय, मगे माका वरीसभर गप कित्याक बसवलंस?"

 

पुढच्या वर्षी मिल थोडी माणसं घेऊन सुरू झाली. जयवंतचं नाव कधीच कमी झालं होतं. धोंडूने त्याला एका बिल्डिंगमध्ये वॉचमन म्हणून लावलं, पण मागून आलेल्या गाडीचा हॉर्न त्याला कळला नाही आणि चौथ्या दिवशी ते कामही सुटलं. सुभद्राला आता डाव्या हाताने कापड धरून शिवता येत नव्हतं. कधी मंजुळेच्या घरून, कधी सुभद्राचा भाऊ उत्तम याच्याकडून भाकरी येई.

शहाऐंशीत उकिडवे सर वारले. पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी, आनंदीबाई चार माणसांना घेऊन लालबागेत आल्या. जिना चढून दमल्या होत्या. हातात हार, फळं, एक बंद पाकीट. जयवंतने त्यांना दारातच पाहिलं आणि तो हात हलवून "जा, जा" म्हणाला.

सुभद्राने त्याला बाजूला केलं. "आत या," ती म्हणाली. मग तिने पाट घेतला, भिंतीशी ठेवला आणि जयवंतला दंडाला धरून त्यावर बसवलं. तो उठू लागला. तिने त्याच्या कानावर तोंड नेलं नाही. समोर येऊन बोलली. "तुका बसाचा होता ना? बस आता. उठलंस तर ह्या घरात तुका पाणी गावाचा नाय."

तो बसला. लोकांनी वाकून नमस्कार केला. आनंदीबाईंनी सुभद्राच्या भाजलेल्या हाताला डोकं टेकलं, तिने तो काढून घेतला नाही.

मग दर रविवारी माणसं येऊ लागली. नऊ ते बारा तो भिंतीकडे तोंड करून, अंगठे कानांत घालून बसे. त्याच्या पाठीमागे सुभद्रा लोकांना काहीतरी सांगे. काय सांगते ते त्याला कधी कळलं नाही. कधी वळून बघितलं तर माणसं रडत असत. ती आता पुष्कळ बोलायची. मंजुळेशी, नळावर, लोकांशी. लोक ठेवत त्या पैशांवर घर चालू लागलं, आणि नीट चालू लागलं.

एक्याण्णवच्या पावसाळ्यानंतर एका शनिवारी धोंडू एक छोटी डबी घेऊन आला. हेरंब डॉक्टरने पाठवली होती, फुकट. त्याला त्या चिठ्ठीचं मनाला लागून राहिलं होतं. डबीत कानामागे लावायचं मशीन होतं. धोंडूने ते जयवंतच्या कानाला लावलं आणि बारीक चाक फिरवलं.

आधी नुसती खरखर झाली. मग बाहेरचा कावळा ऐकू आला. मोरीत नळ गळत होता, तो ऐकू आला. जयवंतने धोंडूचा हात घट्ट धरला. त्याचं तोंड वेडंवाकडं झालं होतं, आणि धोंडूही डोळे पुसत होता.

सुभद्रा मोरीतून आली. तिने मशीन पाहिलं.

"काढ ता," ती म्हणाली.

जयवंतने ते ऐकलं. तिच्या गळ्यातून निघालेला आवाज घोगरा होता, आत काही फाटलेलं असावं तसा. भाजल्यापासून तिचा आवाज बदललाय हे त्याला माहीत नव्हतं.

"वहिनी, अगो, त्याला ऐकू येतंय," धोंडू म्हणाला.

"मशीन लावलेलो म्हाराज कोणाक होयो?" तिने हात पुढे केला. "काढ."

 जयवंतने कानामागे हात नेला, मशीन काढलं आणि तिच्या चिकटलेल्या बोटांवर ठेवलं. तिने ते डबीत घातलं, डबी धोंडूच्या खिशात टाकली आणि त्याच्यासाठी चहा ठेवायला गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. साडेआठलाच तिने पाट मांडला.